मास्टरिंग : गाण्याचा अखेरचा संस्कार

प्रतिनिधी

गायक, संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रक या साऱ्यांचे काम संपल्यानंतर गाण्यावर आणखी एक हात फिरतो. श्रोत्यांना त्या हाताचे नाव बहुधा ठाऊकही नसते. ‘मास्टरिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्राकडे आता घरच्या घरी संगीत करणारी तरुण मंडळी वळू लागली आहेत. या क्षेत्राची सुरुवात कोठून करावी, याचा हा आढावा.

समजा, डोंबिवलीतील एका होतकरू गायिकेने स्वतःच्या सहा भावगीतांचे ध्वनिमुद्रण केले आहे. दोन वर्षे शिकवण्या करून साठविलेली रक्कम तिने त्यासाठी खर्च केली आहे. संगीत संयोजकाच्या घरच्या स्टुडिओत ऐकताना सारे समाधानी असतात. पण घरी येऊन तेच गाणे मोबाइलवर लावले की तिचा आवाज हार्मोनिअमच्या मागे दडल्यासारखा वाटतो. भावाच्या मोटारीत लावले की खर्ज असा घुमतो की शब्दच कळत नाहीत. आणि नावाजलेल्या गायिकेच्या गाण्यापाठोपाठ ते वाजले, तर एकदम दुबळे वाटते. गायकी तीच, चाल तीच, वादकही तेच. मग चुकले कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणे आणि शक्य असेल तेथे ते दुरुस्त करणे, हे मास्टरिंग अभियंत्याचे काम होय. गाणे जगापुढे जाण्यापूर्वी ते जाणकारीने ऐकणारा तो शेवटचा माणूस असतो. त्याच्यानंतर चूक सुधारण्याची संधी नाही.

मिक्सिंग वेगळे, मास्टरिंग वेगळे

अनेकदा या दोन्ही गोष्टींची गल्लत होते. मिक्सिंग करणाऱ्याच्या हाती प्रत्येक वाद्य सुटे असते. तबला थोडा मागे, बासरी डावीकडे, गळ्याला जरासा घुमारा, अशी मांडणी तो करतो. ही मांडणी पक्की झाली की सारे आवाज मिळून डावा आणि उजवा अशा दोन ध्वनिमार्गांची एकच फाइल तयार होते. मास्टरिंग अभियंत्याकडे येते ती ही फाइल. तिच्यातील तबला तेवढा उचलणे आता त्याला सहजी शक्य नसते. जे काही करायचे ते संपूर्ण गाण्यावर एकदमच होते. शिजलेल्या आमटीतून मीठ काढता येत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच येथे अर्धा-एक डेसिबलचा फरकही मोठा मानला जातो.

या कामाचे साधारण चार भाग पडतात. पहिला, गाण्यातील खर्ज, मध्य आणि तार या पट्ट्यांचा तोल राखणे. दुसरा, हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर योग्य ठेवून एकूण पातळी ठरविणे. तिसरा, अल्बममधील सर्व गाणी एकाच घरातील वाटावीत अशी जुळवणी, त्यांचा क्रम आणि दोन गाण्यांमधील शांततेची लांबी निश्चित करणे. चौथा भाग म्हणजे खरखर, टकटक किंवा चुकीच्या जागी तुटलेला शेवट असे दोष हुडकून सीडी, तबकडी किंवा इंटरनेटवरील संगीतसेवा यांपैकी जेथे जायचे तेथील नियमांनुसार अंतिम प्रत सिद्ध करणे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला ओळख देणारा ‘आयएसआरसी’ हा १२ अक्षरांचा क्रमांकही याच टप्प्यावर जोडला जातो.

तबकडीच्या खाचेतून जन्म

हा व्यवसाय जन्माला आला तो कलात्मक गरजेतून नव्हे, तर तांत्रिक अडचणीतून. १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी एल.पी. तबकडी बाजारात आली. चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रण तबकडीच्या खाचेत उतरविण्यासाठी लेथसारखे एक यंत्र वापरले जाई. खर्ज जास्त झाला तर खाच रुंद होऊन शेजारच्या खाचेवर चढे, तबकडीवर कमी गाणी मावत आणि घरच्या ग्रामोफोनवर सुई उडे. ‘स’, ‘श’ यांचे उच्चार तीक्ष्ण असले तर आवाज फाटे. हे सारे आधीच ओळखून आवाजाला शिस्त लावणारा जो तंत्रज्ञ, तोच आजच्या मास्टरिंग अभियंत्याचा पूर्वज.

या संदर्भात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. १९६९ मध्ये ‘लेड झेपेलिन’ या रॉक समूहाची दुसरी तबकडी बॉब लुडविग या तरुण अभियंत्याने अतिशय जोरकस पातळीवर कापली. मात्र कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीच्या साध्या ग्रामोफोनवर सुई उडू लागली आणि तबकडी पुन्हा सौम्य पातळीवर कापण्यात आली. लुडविग यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली ती पहिली आवृत्ती आज संग्राहक चढ्या किमतीला विकत घेतात. पुढे लुडविग या क्षेत्रातील सर्वांत मान्यवर नावांपैकी एक झाले आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. स्टुडिओत जे भव्य वाटते ते सामान्य माणसाच्या यंत्रावर टिकले पाहिजे, हा या किश्श्याचा बोध आजही जुना झालेला नाही.

तबकडी गेली, कॅसेट आली; तिच्यात सूं-सूं आवाज आणि तार पट्टीची मर्यादा आली. १९८२ मध्ये सीडी आली आणि सुई उडण्याची भीती संपली. अडचणी बदलत गेल्या, पण शेवटच्या श्रोत्याचे काम कायम राहिले.

आवाज चढविण्याची शर्यत

सुईचे बंधन गेल्यावर एक वेगळीच स्पर्धा सुरू झाली. दोन गाण्यांपैकी किंचित मोठ्या आवाजाचे गाणे कानाला अधिक चांगले वाटते, ही मानवी श्रवणाची जुनी खोड आहे. साहजिकच प्रत्येक कंपनीला आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे हवे होते. डिजिटल माध्यमात आवाजाला एक पक्के छत असते. त्यापलीकडे जाता येत नाही. मग ‘लिमिटर’ नावाच्या साधनाने सर्वांत उंच टोके दाबायची आणि उरलेले सारे वर उचलायचे, असा मार्ग निघाला. गाणे मोठे झाले खरे. पण हळुवार आणि जोरकस यांमधील अंतर नाहीसे झाले.

या शर्यतीचा कडेलोट २००८ मध्ये झाला. ‘मेटॅलिका’ या समूहाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बममधील आवाज इतका दाबलेला होता की, हीच गाणी एका व्हिडीओ गेममध्ये कमी दाबलेल्या स्वरूपात ऐकल्यावर हजारो चाहत्यांनी अल्बम नव्याने मास्टर करण्याची मागणी केली. गाणी आपल्याकडे आली तेव्हाच ती दाबलेली होती, असे त्या अल्बमचे मास्टरिंग अभियंता टेड जेन्सन यांनी स्पष्ट केले होते.

तोवर उपायाची पायाभरणी झालेली होती. माणसाच्या कानाला आवाज किती मोठा वाटतो हे मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. २०१० मध्ये युरोपातील प्रसारण संस्थांनी तिच्यावर आधारित नियम स्वीकारले. त्यातील ‘एलयूएफएस’ हे एकक आज प्रत्येक मास्टरिंग अभियंत्याच्या तोंडी असते. स्पॉटिफाय नेहमीच्या मांडणीत सर्व गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस पातळीवर आणते, ॲपल म्युझिक सुमारे उणे १६ वर. म्हणजेच एखाद्याने आपले गाणे दाबून दाबून उणे ८ पर्यंत चढविले, तर स्पॉटिफाय ते सरळ ६ डेसिबलने खाली उतरविते. पातळी शेजारच्या गाण्याएवढीच होते. मात्र दाबताना गमावलेला जिवंतपणा परत मिळत नाही.

तरीही ‘अजून थोडे मोठे करा’ ही ग्राहकाची मागणी संपलेली नाही. नवोदिताची पहिली परीक्षा येथेच होते. मागणी मुकाट्याने मान्य करावी की दोन प्रती तयार करून, दोन्ही सारख्या पातळीवर ऐकवून फरक पटवून द्यावा? दुसरा मार्ग वेळखाऊ आहे. पण ग्राहकाचा विश्वास टिकतो तो त्याच मार्गाने.

तबला, तानपुरा आणि लिमिटर

पाश्चात्त्य पुस्तकांतील ठोकताळे आपल्या संगीताला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मराठी तरुणांनी विशेष ध्यानात घ्यावे. तबल्याच्या चाटेवरील ‘ना’चा टोकदार ठसा क्षणार्धाचा असतो. लिमिटर नेमके तेच टोक छाटतो आणि तबला बोथट होतो. तानपुरा हा मागे तरळत राहणारा स्वर. सारे काही वर उचलले की तोच गायकाच्या बरोबरीने येऊन बसतो आणि ख्यालातील मोकळी जागा भरून टाकतो. हार्मोनिअमचा आणि गळ्याचा मध्य पट्टा बव्हंशी एकच असल्याने एकाला उजळले की दुसराही उजळतो. मराठीतील ‘चाफा’, ‘चांदणे’ या शब्दांतील ‘च’ हा दंततालव्य उच्चार ‘त्स’च्या जवळ जाणारा आहे, तार पट्टी किंचित जास्त झाली तरी तो कानाला टोचतो. हे दोष परदेशी अभियंत्याच्या कानाला खटकतीलच असे नाही. मराठी गाण्याला मराठी कान लागतो तो अशा वेळी.

चित्रपटसंगीतही याला अपवाद नाही. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिस येथे सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले होते. अशा संगीतात व्हायोलिनच्या मंद लाटेपासून तालवाद्यांच्या गजरापर्यंतचा प्रवास असतो. तो सपाट केला तर वाद्यवृंदावरील सारा खर्च वाया जाईल.

कान हेच भांडवल

या क्षेत्रात येऊ इच्छिणारा बहुतेक तरुण पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ हा. वास्तविक पहिला प्रश्न ‘मला काय ऐकू येते?’ हा असावयास हवा.

कान जन्मजात तयार नसतो. तो घडवावा लागतो. गायक जसा रोज खर्जाचा रियाज करतो तसा येथे पट्टे ओळखण्याचा रियाज असतो. परिचित गाणे घेऊन इक्वलायझरने १००, २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ यांपैकी एक पट्टा मित्राने वाढवावा आणि आपण न पाहता तो ओळखावा. सुरुवातीला ९ डेसिबलची वाढही ओळखता येत नाही. काही महिन्यांच्या सरावानंतर ३ डेसिबल, आणि पुढे त्याहूनही कमी फरक कळू लागतो. २५० हर्ट्झच्या आसपास साचलेला कोंदटपणा, ३००० च्या आसपासची कर्कशता, ८००० च्या वरची सळसळ यांची एकदा ओळख पटली की गाणे ऐकताच दोषाचा पत्ता सापडू लागतो.

दुसरी सवय अधिक महत्त्वाची. कोणताही बदल केल्यावर मूळ आणि बदललेले गाणे समान पातळीवर आणूनच तुलना करावी. इक्वलायझर किंवा कॉम्प्रेसर लावल्यावर गाणे बहुधा थोडे मोठे होते, आणि मोठे ते चांगले या जुन्या खोडीमुळे आपणच आपल्या कामावर खूश होतो. पातळी समान केल्यावर पुष्कळदा असे आढळते की मूळ गाणेच बरे होते.

तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. हळू ऐकताना कानाला खर्ज आणि अतितार कमी ऐकू येतात, हे अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून कधी हळू, कधी मोठ्याने ऐकत काम केले तर निर्णय दर तासाला बदलतो. स्पीकरच्या बटणावर एक खूण करून निर्णय नेहमी त्याच पातळीवर घ्यावेत, असे म्हणूनच सांगितले जाते.

दहा बाय दहाची खोली

कानानंतर क्रमांक लागतो तो खोलीचा, यंत्रांचा नव्हे. मुंबई-ठाण्यात नवोदिताच्या वाट्याला येते ती बहुधा दहा बाय दहा फुटांची शयनखोली. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झच्या खर्जाची लाट त्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीजवळ तो खर्ज घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसून काम करणाऱ्याला वाटते, गाण्यात खर्ज कमी आहे, तो वाढवितो. मग मोटारीत तेच गाणे घुमू लागते. डोंबिवलीच्या गायिकेच्या तक्रारीचे मूळ अशाच एखाद्या खोलीत असू शकते.

यावर उपाय आहेत आणि ते सर्वच महागडे नाहीत. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसू नये; समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्के अंतरावर बसून पाहावे. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण करावा. कोपऱ्यांत काचलोकर किंवा रॉकवूलचे जाड, कापडाने मढविलेले गठ्ठे उभे करावेत. बाजूच्या भिंतीवर मित्राला आरसा सरकवत न्यायला सांगावे. बसल्या जागेवरून आरशात जेथे स्पीकर दिसेल तेथे शोषक फलक लावावा. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट आणि पुस्तकांची मांडणी यांचाही थोडाफार उपयोग होतो. मात्र भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटविण्याच्या लोकप्रिय उपायाने खर्जाला काहीही होत नाही. शिवाय ते पेट घेतात.

खोलीचे काहीच करणे शक्य नसेल तर मागून उघडे असलेले चांगले हेडफोन हा व्यवहार्य मार्ग आहे. अर्थात, हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानाला मिळत असल्याने रुंदीचा अंदाज फसतो. म्हणून काम संपल्यावर साधा मोबाइल, मोटार आणि घरातील लहान स्पीकर यांवर ते गाणे ऐकल्याविना हातावेगळे करू नये.

साधने किती, कोणती?

प्रारंभी लागणारी यादी आटोपशीर आहे : एक बऱ्यापैकी संगणक, आवाज आत-बाहेर नेणारा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन किंवा स्पीकरची जोडी आणि एक संपादन सॉफ्टवेअर. ‘रीपर’सारख्या सॉफ्टवेअरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. ‘यूलीन’ या कंपनीचे एलयूएफएस मोजणारे मीटर मोफत आवृत्तीतही उपलब्ध आहे. इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही तीन साधने नीट समजली की पहिल्या वर्षी चौथ्याची गरज भासत नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरपासून दूर राहावे. दुसऱ्याच्या कलाकृतीची जबाबदारी घेणाऱ्याने निदान एवढे पथ्य पाळावयास हवे.

वाचनासाठी बॉब कॅट्झ यांचा ‘मास्टरिंग ऑडिओ’ हा २००२ मध्ये प्रथम प्रकाशित झालेला ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

शिक्षण आणि उमेदवारी

केवळ मास्टरिंगला वाहिलेले पूर्ण वेळाचे अभ्यासक्रम दुर्मीळ आहेत. ते शिकविले जाते ते ध्वनिमुद्रणाच्या व्यापक शिक्षणाचा भाग म्हणून. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्थांत ध्वनीचे स्वतंत्र विभाग आहेत. ‘स्लमडॉग मिलेनियर’साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळविणारे रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या संस्थेचेच विद्यार्थी. मात्र तेथील भर चित्रपटाच्या ध्वनीवर असतो, हे लक्षात घ्यावे. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत संगीत तंत्रज्ञानाचेही शिक्षण मिळते. प्रवेशाच्या अटी आणि शुल्क त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. खासगी संस्थांचे लहान अभ्यासक्रम अनेक आहेत. पैसे भरण्यापूर्वी तेथे शिकविणारा स्वतः काय काम करतो, हे विचारण्यात संकोच करू नये.

तथापि, या व्यवसायातील खरे शिक्षण गुरूच्या शेजारी बसूनच होते. स्टुडिओत साहाय्यक म्हणून वायरी गुंडाळणे, फायलींना नीट नावे देणे, जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करणे ही कामे किरकोळ वाटतात; पण अनुभवी माणूस कोठे हात लावतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे लावत नाही, हे तेथेच पाहावयास मिळते. बहुतेक मास्टरिंग अभियंते आधी काही वर्षे ध्वनिमुद्रण किंवा मिक्सिंग केलेले असतात. थेट या शेवटच्या पायरीवर उडी मारणारा क्वचितच टिकतो.

हे क्षेत्र आजवर पुरुषांचे राहिले आहे, हेही खरे. पण चित्र बदलत आहे. न्यूयॉर्कच्या एमिली लझार या २०१९ मध्ये ‘बेक’ या गायकाच्या ‘कलर्स’ या अल्बमसाठी उत्कृष्ट ध्वनी अभियांत्रिकीचे ग्रॅमी मिळविणाऱ्या पहिल्या महिला मास्टरिंग अभियंता ठरल्या.

पहिले काम

पहिले ग्राहक परिचितांतूनच मिळतात. महाविद्यालयीन एकांकिकांचे संगीत, मित्रांचे बँड, भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण, कवितांचे ध्वनिपुस्तक अशी कामे लहान असली तरी त्यांतून कानांना वैविध्य मिळते. आंतरराष्ट्रीय पातळीवर मोबदला साधारणतः दर गाण्यामागे ठरतो आणि आपल्याकडेही तीच पद्धत रूढ आहे. उत्पन्न अनियमित असते. म्हणून मिक्सिंग, पॉडकास्टचे संपादन किंवा जुन्या ध्वनिमुद्रणांची साफसफाई यांपैकी एखादे जोडकाम हाताशी ठेवणे शहाणपणाचे ठरते. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत परदेशी मास्टरिंग अभियंत्यांची नावे आढळतात. मोठी कामे मिळण्यास किती काळ जावा लागेल, याची त्यावरून कल्पना यावी.

काम स्वीकारताना काही गोष्टी आधीच मागून घ्याव्यात : २४ बिटची वेव्ह फाइल, मिक्सिंग करणाऱ्याने शेवटी लावलेला लिमिटर काढलेला असावा, वरच्या टोकाला ३ ते ६ डेसिबलची मोकळी जागा असावी. किती फेरबदल विनामूल्य करून मिळतील, हेही लेखी ठरवावे. अंतिम प्रतीत टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. कारण संगीतसेवा फाइल आक्रसून लहान करतात, तेव्हा टोके किंचित वर उसळतात आणि आवाज फाटतो.

डोंबिवलीच्या गायिकेचे गाणे आता अशा नवोदिताकडे आले आहे असे समजू. हार्मोनिअमखाली गळा दबला आहे, हे त्याला कळले. इक्वलायझरने थोडीफार सारवासारव करून पैसे घेता येतील. पण गळा उजळला की हार्मोनिअमही उजळतो. अशा वेळी प्रामाणिक उत्तर एकच : मिक्सिंग करणाऱ्याला नम्रपणे फोन करून हार्मोनिअम दीड-दोन डेसिबलने खाली घेण्याची आणि खर्ज पुन्हा एकदा तपासण्याची विनंती करणे. कोणाचाही अपमान न करता दोष दाखविणे, हेही या व्यवसायातील कौशल्य आहे. नवी फाइल आल्यावर कदाचित अर्धा डेसिबलचाच बदल पुरेसा ठरेल. त्या अर्ध्या डेसिबलसाठी पैसे कसले, असे कोणी विचारील. पैसे आहेत ते कोठे थांबावे हे कळण्याचे.

यंत्राशी स्पर्धा

फाइल चढविली की काही मिनिटांत ‘मास्टर’ झालेली प्रत देणाऱ्या स्वयंचलित सेवा २०१४ च्या सुमारास सुरू झाल्या. ‘लँडर’ ही त्यातील प्रसिद्ध सेवा. ‘ओझोन’ आणि ‘लॉजिक प्रो’ या सॉफ्टवेअरमध्येही आता असे साहाय्यक आले आहेत. त्यांचे काम अनेकदा समाधानकारक असते आणि खर्च अत्यल्प. केवळ पातळी चढवून देणाऱ्या अभियंत्याचे दिवस त्यामुळे भरले आहेत, हे मान्य करावेच लागेल.

पण हार्मोनिअम खाली घ्या असे सांगणारा फोन यंत्र करीत नाही. ख्यालातील शांतता ही उणीव नसून आशय आहे, हे त्याला सांगावे लागते. चौथ्या गाण्यानंतर श्रोत्याला दोन सेकंदांऐवजी चार सेकंदांची उसंत हवी, हे ते ठरवीत नाही. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये सभोवार ऐकू येणारे डॉल्बी ॲटमॉस संगीत आणले. तबकड्यांचीही पुन्हा मागणी आहे. या दोन्ही ठिकाणी वेगळे ज्ञान लागते. नवोदिताने यंत्राशी वेगात स्पर्धा करण्यापेक्षा या जागा शोधाव्यात.

कान जपा

गायक गळा जपतो तसे या व्यवसायात कान जपावे लागतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि पुढे दर ३ डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी करावी, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा निकष आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या जवळ उभे राहणाऱ्याने हे गणित स्वतःच करावे. तेथे कानात बोळे घालण्यात लाज कसली? गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. दर तासाला १० मिनिटे संपूर्ण शांतता आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी, ही या व्यवसायातील सर्वांत स्वस्त गुंतवणूक होय.

मास्टरिंग अभियंत्याच्या वाट्याला टाळ्या येत नाहीत. त्याचे काम उत्तम झाले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गाणे तेवढे लक्षात राहते. डोंबिवलीची ती गायिका पुन्हा भावाच्या मोटारीत बसेल, गाणे लावील आणि आपण केलेले गाणे हेच, असे तिला वाटेल. त्या वाटण्यामागे आपला हात होता, एवढ्यावर ज्याला समाधान मानता येईल, त्याने या वाटेला जरूर यावे.